तार की दार: एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

२ जून, सोमवार

प्रकल्प: कादंबरी. नाव ठरलेलं नाही. नायिका सुमती, वय बावन्न, कोर्टात स्टेनो.

आजची स्थिती: तीन वर्षांत २२,४०० शब्द. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालंय, पाचवं एकदाही नाही.

पोटापाण्याचं काम वेगळं आहे. एका ऑडिओ मालिकेचे आठवड्याला तीन भाग लिहिते. त्यातला एकही भाग आजवर उशिरा गेलेला नाही. म्हणजे आळशी आहे असं म्हणायची सोय नाही, आणि सुचत नाही म्हणायचीही नाही. मग तीन वर्षं झालं काय, ते शोधण्यासाठी ही वही.

नियम: सोमवार ते शुक्रवार, पहाटे पावणेसहा ते सव्वासात. रोज पाचशे शब्द. फोन दुसऱ्या खोलीत. वहीत तीन रकाने: वेळ, शब्द, शेरा. मुदत ३० ऑगस्ट, लक्ष्य साठ हजार.

आज: ५०४. शेरा: उत्साह दांडगा. पण तो नव्या वहीचा असतो, कादंबरीचा नव्हे.

३ जून, मंगळवार

५१२. ठीक.

६ जून, शुक्रवार

आठवडाभरात एकही खाडा नाही. रोज पाचशेच्या वर. मग आज खुशीत पाचही दिवसांचं सलग वाचून काढलं आणि तोंड कडू झालं.

मंगळवारचा मजकूर असा: ‘सुमतीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. जिना जुना होता. कठड्याचा रंग जागोजागी उडाला होता. तिने डावा हात कठड्यावर ठेवला. मग ती दुसरी पायरी चढली.’ बाई तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ३४० शब्द खर्ची पडलेत. तिला वर काही काम नाही. वर जाऊन ती खिडकी उघडते, बंद करते, आणि खाली येते. मला पाचशे भरायचे होते म्हणून बाईला जिना चढायला लावला.

रोजंदारीवर माणूस लावलं की ते खड्डे खणतं. कुठे खणायचे ते सांगितलं नसेल तर कुठेही खणतं. जिना काढून टाकला. ‘सुमती वर गेली’ एवढं ठेवलं, मग तेही काढलं.

९ जून, सोमवार

शब्दांचा कोटा म्हटलं की इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपचं नाव निघतंच. टपाल खात्यात नोकरी, पहाटे साडेपाचला लिहायला बसायचं, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. हे सगळं त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगून ठेवलं, आणि १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ते छापून आल्यावर बऱ्याच जणांना तो लेखक कमी आणि कारकून जास्त वाटायला लागला.

पण त्याच मजकुरात पुढे आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. रोज लिहायला बसला की पहिला अर्धा तास तो आदल्या दिवसाचं लिखाण वाचायचा. शब्दांचा, वाक्यांचा आवाज कानाने तोलून बघायचा. म्हणजे तीन तासांतला अर्धा तास आकड्याबाहेरचा. तो अर्धा तास असता तर माझा जिना दुसऱ्याच दिवशी सापडला असता.

बदल: पहिली वीस मिनिटं कालचं मोठ्याने वाचायचं. घरातले झोपलेले असतात म्हणून खरं तर पुटपुटायचं.

११ जून, बुधवार

पुटपुटण्याचा परिणाम: ३८० शब्द, त्यांतले पुढे टिकतील असे बहुधा तीनशे. पाचशेपैकी पन्नास टिकण्यापेक्षा बरं. कोटा मोडला याची टोचणी मात्र दिवसभर होती. आकडा दिसतो, मजकुराचा कस दिसत नाही. मग टोचणी आकड्याचीच लागते.

१७ जून, मंगळवार

०.

१८ जून, बुधवार

०. ऑडिओ मालिकेत एका नटाची तब्येत बिघडली. त्याचं पात्र तीन भागांतून काढायचं, म्हणजे तिन्ही भाग पुन्हा लिहायचे. निर्मात्याचा फोन रात्री साडेदहाला. “मॅडम, तुमच्यावर भरवसा आहे म्हणून सांगतोय.” या वाक्याला नाही म्हणायला मला अजून शिकायचंय.

१९ जून, गुरुवार

०. पण तिन्ही भाग गेले. पात्राला परगावी पाठवून दिलं, फोनवरसुद्धा येऊ दिलं नाही, आणि त्याच्या बायकोला त्या रिकाम्या जागेत एक प्रसंग दिला. मालिकेतला तो आजवरचा सगळ्यात बरा प्रसंग झालाय. नट आजारी पडला नसता तर तो सुचलाच नसता. लिहायला हाती चाळीस मिनिटं होती. ‘मूड’ वगैरे विचारायला कुणी थांबलं नाही.

याची नोंद ठेवते. हेवाही वाटतोय. कादंबरीसाठी असा रात्री साडेदहाचा फोन कुणी करत नाही.

२३ जून, सोमवार

४६५. सुमतीसाठी शॉर्टहँडबद्दल वाचतेय, तेव्हा अन्ना ग्रिगोर्येव्ना भेटली. १८६६ चा ऑक्टोबर, पीटर्सबर्ग. दस्तयेवस्कीने प्रकाशकाशी करार केलेला: १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लिखाण प्रकाशकाने फुकटात छापावं. हातात एक ओळ नाही. मित्रांनी सुचवलं म्हणून शॉर्टहँड शिकलेली एक वीस वर्षांची मुलगी मदतीला घेतली. ती रोज दुपारी यायची, तो सांगायचा, ती टिपून घ्यायची, रात्री घरी बसून साफ अक्षरात उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी पानं घेऊन हजर. २६ दिवसांत कादंबरी पुरी, ‘द गॅम्बलर’, एका जुगाऱ्याची. प्रकाशक नेमका गावाबाहेर, म्हणून हस्तलिखित पोलीस चौकीत जमा करून पावती घेतली. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं.

गोष्ट इतकी रंगतदार आहे की लेखक मंडळी ती ‘मुदत आली की सुचतंच’ याचा पुरावा म्हणून सांगतात. मीही सांगत आले. पण त्या जुगाऱ्याच्या कथेची रूपरेषा त्याने १८६३ मध्येच रोमहून एका मित्राला पत्रात कळवली होती. २६ दिवसांच्या खाली तीन वर्षं होती. ट्रोलपचा अर्धा तास गाळला जातो तशी ही तीन वर्षंही गाळली जातात.

आणि मला त्यातलं दुसरंच काहीतरी लागलं. रोज ठरल्या वेळी दाराशी येणारी ती होती. त्याला रात्री काहीतरी जुळवून ठेवावंच लागायचं, कारण उद्या दुपारी कुणीतरी पेन्सिल घेऊन समोर बसणार. शिस्त अर्धी तिच्या चालण्यात होती.

२६ जून, गुरुवार

५३०. संध्याकाळी मालिकेचा भाग लिहीत होते तर लेक दारातून डोकावली. “आई, तू काम करतेयस की लिहितेयस?”

“का गं?”

“काम करत असशील तर बोलू का? लिहीत असशील तर नंतर येते.”

नऊ वर्षांच्या पोरीला फरक कळतो. तिला कळतो म्हणजे तो माझ्या चेहऱ्यावर आहे. पैशाचं लिहिताना मी बोलते, उठते, हसते, पुन्हा बसते. कादंबरी लिहिताना देवघरात सोवळ्याने बसल्यासारखी बसते. सोवळं मोडू नये म्हणून मग बसतच नाही.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातच आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. अंक निघायचा तर मजकूर हवा. काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. तरी मराठी कादंबरीचा पाया त्या आठवड्याच्या रतिबातूनच घातला गेला. सोवळ्यात राहून नाही.

४ जुलै, शुक्रवार

सकाळी ४९०, आराखड्याप्रमाणे, नववं प्रकरण. रटाळ.

दुपारी लिफ्टची वाट बघत उभी होते. लिफ्ट चौथ्यावर अडकली होती आणि कुणीतरी आतून दार आपटत होतं. तिथे सुचलं, ते लगेच वीजबिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. आता नीट लिहिते.

पिटमनच्या शॉर्टहँडमध्ये ‘त’ आणि ‘द’ची रेघ एकच. हलक्या हाताने ओढली तर त, दाबून ओढली तर द. ‘प’ आणि ‘ब’चं तेच, ‘क’ आणि ‘ग’चं तेच. आणि घाईत लिहिताना स्वर गाळतात. हे मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे, वहीत टिपून ठेवलंय, त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

सुमतीच्या समोर जो खटला चाललाय तो विजेच्या धक्क्याने मेलेल्या मुलाचा आहे. साक्षीदार म्हणतो, ‘तार उघडी होती.’ सुमती चिडलेली आहे, वेगळ्याच कारणाने, घरून भांडून आलीय. तिचा हात जड पडलाय. संध्याकाळी टंकायला बसते तर कागदावर ‘दार उघडं होतं’ असंही वाचता येतं. स्वर गाळलेले. उघडी की उघडं, होती की होतं, काही कळायला मार्ग नाही. फरक उरला तो फक्त पेन्सिलीच्या दाबाचा. आणि त्या दिवशीच्या सगळ्याच रेघा दाबलेल्या आहेत.

तार उघडी असेल तर दोष एकाचा. दार उघडं असेल तर दुसऱ्याचा.

लिफ्ट आली ती मी सोडून दिली.

८ जुलै, मंगळवार

५२०. वहीच्या मागच्या पानावर सुचलेल्या गोष्टी टिपते, कधी सुचल्या त्यासकट. आजवर नऊ झाल्या. त्यातल्या दोनच प्रत्यक्ष टेबलाशी बसलेली असताना सुचल्यात. बाकीच्या लिफ्टपाशी, अंघोळीला, एक तर गाडी मागे घेताना. म्हणजे टेबल निरुपयोगी? तर नाही. नऊपैकी आठ अशा दिवशी आल्यात ज्या दिवशी सकाळी मी बसले होते. मालिकेच्या गोंधळाचे तीन दिवस आणि सगळे शनिवार-रविवार मिळून एकच. अर्थात आठवड्यातले पाच दिवस बसणाऱ्या बाईच्या वहीत असंच दिसणार, तेव्हा यावर फार उड्या मारत नाही.

गणिती आंरी प्वांकारेची हकीकत मात्र आठवली. सहलीला निघाला असताना कुतांस गावी घोड्याच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या क्षणी उत्तर डोक्यात आलं. ही पायरी जगप्रसिद्ध आहे. तिच्या आधी तो पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून झगडत होता, आणि परत आल्यावर सवडीने सगळं पडताळून पाहिलं, हेही त्यानेच सांगितलंय. पुन्हा तेच. मधली पायरी तेवढी लक्षात राहते.

१५ जुलै, मंगळवार

ही नोंद लिहायला कालपासून टाळत होते.

एकूण ३६,९०० शब्द झाले होते. वेळापत्रकाच्या किंचित मागे, पण चांगले. काल नववं आणि दहावं प्रकरण वाचलं. २७ जूनपासूनचं सगळं. ६,२०० शब्द आणि एकाही शब्दात जीव नाही. सुमती बहिणीकडे जाते, बहिणीशी बोलते, परत येते. आराखड्यात तसं होतं. आराखडा मार्चमधला आहे.

४ जुलैला तार-दार सुचलं. कादंबरीत इतकं महत्त्वाचं काही मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. आणि मी काय केलं? मागच्या पानावर टिपलं, शेजारी ‘नंतर बघू’ लिहिलं, आणि पुढच्या कामाच्या दिवशी पावणेसहाला उठून पुन्हा बहिणीचं प्रकरण लिहायला बसले. कारण बहीण आराखड्यात होती. कारण खाडा झाला असता.

आजवर न लिहिण्याचे बहाणे मला पाठ होते. लिहीत राहणं हासुद्धा बहाणा होऊ शकतो हे नवीन आहे. तार-दार लिहायचं म्हणजे पाचव्या प्रकरणापासून मोडतोड, कोर्टाची प्रक्रिया नीट समजून घेणं, सुमती प्रामाणिक आहे या माझ्या आवडत्या समजुतीला हात घालणं. त्यापेक्षा रोज पाचशे शब्द बहिणीच्या घरी बसणं सोपं. वहीत तर बरोबरची खूण पडतेच.

६,२०० शब्द ‘अडगळ’ नावाच्या फोल्डरमध्ये. शिल्लक ३०,७००.

१६ जुलै, बुधवार

वहीचे रकाने बदलले. ‘शब्द’ रकाना काढला नाही, पण शेवटी टाकला. त्याच्या आधी नवा रकाना: ‘उद्या’. उठण्याआधी उद्यासाठी एक प्रश्न लिहायचा. ‘दहावं प्रकरण पुढे नेणे’ असला नाही. उत्तर मला माहीत नाही असा. प्रश्न सुचला नाही तर लेखन चुकीच्या वाटेला लागलंय असं समजून थांबायचं.

जुन्या नोंदी चाळल्या. २७ जून ते १४ जुलै मला असा एकही प्रश्न पडलेला नव्हता.

बसण्याची वेळ तीच. तिला हात लावायचा नाही.

आजचा ‘उद्या’: सुमतीला संशय आला की चुकीचं वाचतोय, तर ती कुणाला विचारेल? विचारेल का?

२५ जुलै, शुक्रवार

६१०, ५४०, ०, ७२०, २९०. शून्याच्या दिवशी पावणेसहा ते सव्वासात बसले होते, नुसती. खिडकीबाहेर बघितलं, प्रश्न तीनदा खोडून लिहिला. वेळेच्या रकान्यात नव्वद मिनिटं लिहिलीत आणि ती खोटी नाहीत.

२ ऑगस्ट, शनिवार

शनिवारची सुटी मोडली, पण लिहिण्यासाठी नाही. आठवडाभर पुटपुटताना जिथे अडखळले तिथे फक्त पेन्सिलीने खूण करते, दुरुस्ती करत नाही. लिहितानाच दुरुस्ती करणं, तेच अकरा वेळा पहिलं प्रकरण लिहिण्याचं मूळ होतं. लिहिता हात आणि खोडता हात एकाच वेळी टेबलावर. आता खोडणाऱ्याला शनिवार दिलाय.

आज एका वाक्यावर पाऊण तास गेला. मूळ: ‘सुमतीला आपल्या हातून झालेल्या चुकीची जाणीव झाली आणि तिच्या मनात भीतीची लहर पसरली.’ वाचताना जीभ ‘लहर’पाशी अडते. लहर पसरत नाही, येते. आणि भीतीची लहर कुणाला आलेली मी पाहिली नाही. मग: ‘सुमतीला कळलं, आणि ती घाबरली.’ खरं, पण सांगोवांगी. मग: ‘सुमतीने कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं.’ दाबलेली रेघ कागदाच्या मागे उमटते. रोज हलक्या हाताने लिहिणाऱ्या बाईच्या बोटाला आज सगळं पान खरखरीत लागतं.

भीती आता लिहायची गरज नाही. हा कागद उलटा करण्याचा प्रकार पुढे तीन ठिकाणी कामाला येणार आहे हे मला तेव्हाच दिसलं. आणि हे खोडताना सुचलंय, खोडणं म्हणजे कारकुनी असं मी समजत होते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मालिकेला दहा दिवसांची सुटी. दहा अख्खे दिवस माझे. याचीच तर वाट बघत होते. काल आठ तास टेबलाशी, ३१० शब्द. आज सहा तास, २८०, त्यांत कपाट आवरणं आणि फाँट बदलून बघणं धरलेलं आहे.

सव्वासातला लेक उठते, म्हणून सव्वासातच्या आत काहीतरी व्हायचं. दिवसभर मोकळा असला की सव्वासात वाजतच नाहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार

पावणेसहा ते सव्वासात. ५७०. मग वही बंद, उरलेला दिवस कपाट. मनापासून.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मान धरली आहे, दोन दिवस खाडा. प्रश्न मात्र डोक्यात होता.

लेकीला तार-दारचं प्रकरण वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, “पण मग तिने पहिल्यांदाच त्या काकांना विचारलं का नाही? ते तर तिथेच होते.” मी म्हटलं, अगं कोर्टात असं मध्येच विचारता येत नाही. पण येतं. साक्ष चालू असताना नीट ऐकू आलं नाही तर स्टेनो थांबवून विचारू शकते. सुमतीने विचारलं नाही, कारण तिला वाटलं आपण ऐकलंय. बावन्नाव्या वर्षी, तीस वर्षांच्या नोकरीनंतर, पुन्हा विचारायला तिला लाज वाटली.

हे प्रकरणात नव्हतं. आता आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

मुदत संपली. ४६,९०० शब्द. साठ हजार झाले नाहीत, होणारही नाहीत. कथा पन्नास-बावन्नावर संपेल असं दिसतंय. शेवटची दोन प्रकरणं बाकी. साठ हजार हा आकडा मी कुठून आणला होता ते आठवत नाही.

मालिकेचा नवा हंगाम सोमवारपासून, आता आठवड्याला चार भाग. निर्माता म्हणाला, “मॅडम, तुमच्यावर भरवसा आहे.” म्हटलं, चार जमतील, पण रात्री नऊनंतर फोन नको, माझी सकाळ लवकर असते. तो म्हणाला, बरं. एवढंच होतं तर.

नवी मुदत: ३० सप्टेंबर.

वेळ: आज शनिवार, खोडकाम, सत्तर मिनिटं. शब्द: वजा २६०.

उद्या: आणि सोमवारसाठीही हेच. सुमती ती वही कोर्टात जमा करते, की पिशवीत घालून घरी नेते?